महाविद्यालयांतील संगणक व मुक्त आज्ञावली

मुंबईहून पुण्यास मोटारीने निघालेल्या प्रवाशास कळंबोली हे गाव बहुधा एका वळणापुरतेच ठाऊक असते. शीवकडून आलेला महामार्ग, मुंब्र्याकडून आलेला रस्ता आणि न्हावा-शेव्याच्या बंदराकडून मालाच्या प्रचंड पेट्या वाहून आणणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात, आणि येथूनच पुण्याच्या द्रुतगती मार्गास प्रारंभ होतो. परंतु त्या वळणाच्या लगतच लोखंडाचा एक अफाट बाजार पसरलेला आहे, हे प्रवाशाच्या ध्यानी येत नाही. मुंबई बेटातील लोखंडाचा घाऊक व्यापार शहराबाहेर हलवावा म्हणून सिडकोने हा बाजार वसविला. येथे दिवसभर गर्डर, चॅनेल, अँगल आणि पत्रे यांची चढउतार चाललेली असते.

या बाजारातील व्यवहाराची रीत अगदी साधी आहे. गिऱ्हाईक वजनाप्रमाणे पैसे मोजतो आणि गर्डर त्याचा होतो. मग तो त्याने कापावा, जोडावा, त्यास भोके पाडावी, अर्धा शेजाऱ्यास विकावा, नाहीतर वीस वर्षे अंगणात गंजत ठेवावा; ज्याने तो विकला तो व्यापारी पुन्हा विचारावयास येत नाही. मालकी म्हणजे काय, हे कळंबोलीच्या हमालास कोणी शिकवावे लागत नाही.

आता या बाजारापासून थोडेच दूर जावे. कामोठे, खारघर, नवे पनवेल या भोवतालच्या वस्त्यांत अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत. कळंबोलीच्या सिडकोच्या लहान घरांतून निघालेला एखादा विद्यार्थी तेथील प्रयोगशाळेत बसून, हाच गर्डर छताचा भार पेलील की नाही, याचे गणित संगणकावर करावयास शिकतो. ज्या साधनाने तो हे गणित करतो त्यास आज्ञावली म्हणावे, किंवा सर्वत्र रूढ झालेल्या शब्दात सॉफ्टवेअर म्हणावे. महाविद्यालयाने त्याचे पैसे भरलेले असतात. पण गर्डर जसा गिऱ्हाइकाचा होतो तसे ते सॉफ्टवेअर महाविद्यालयाचे होते काय? बहुतेक वेळा होत नाही. महाविद्यालयास मिळतो तो केवळ वापराचा परवाना. इतक्या यंत्रांवर, इतक्या मुदतीपर्यंत, या कामासाठी आणि त्या कामासाठी नाही, अशा अटींनी बांधलेला. मुदत संपली की साधन बंद पडते, आणि विद्यार्थ्याने त्यात केलेले काम उघडण्याचीही पंचाईत होते.

या बंदिस्त, खासगी मालकीच्या सॉफ्टवेअरला जो पर्याय आहे त्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. दोहोंमधील भेद समजण्यास संगणकशास्त्र यावे लागत नाही. कोणतीही आज्ञावली प्रथम माणूस लिहितो, आणि ती दुसऱ्या माणसास वाचता येईल अशा भाषेत असते. या मूळ लेखनास सोर्स कोड म्हणतात. नंतर त्याचे रूपांतर यंत्रास समजणाऱ्या आकड्यांत होते. बंदिस्त सॉफ्टवेअरचा विक्रेता गिऱ्हाइकाच्या हाती केवळ ते आकडे देतो. मूळ लेखन आपल्या तिजोरीत ठेवतो. शाळेच्या भाषेत बोलावयाचे तर, अंकगणिताच्या पुस्तकातील रीतींची पाने फाडून घेऊन शेवटची उत्तरांची पाने तेवढी मुलांस वाटावी, त्यातला हा प्रकार आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रीतही मिळते. ते हव्या त्या कामासाठी चालवावे, ते कसे चालते हे वाचून पाहावे, आपल्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करावा, आणि मूळ किंवा फेरफार केलेली प्रत दुसऱ्यास द्यावी, अशी चतुर्विध मोकळीक परवान्यानेच दिलेली असते.

येथे मराठी भाषिकास एक सोय आहे, जी इंग्रजास नाही. इंग्रजीतील ‘फ्री’ या एका शब्दात ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे तिकडे या विषयावर चाळीस वर्षे वितंडवाद चालला आहे. आपल्याकडे मुक्त निराळे आणि फुकट निराळे. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकता येते. आणि फुकट दिलेले सॉफ्टवेअर पूर्णपणे बंदिस्त असू शकते. हा भेद ज्याने मनात पक्का धरला, त्याने अर्धा विषय जिंकला. दुर्दैवाने आपल्या महाविद्यालयांतील बऱ्याच चर्चा दराच्या आकड्यापाशीच सुरू होतात आणि तेथेच संपतात.

ही सर्व चळवळ कागद अडकलेल्या एका छपाईयंत्रामुळे सुरू झाली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करीत असे. प्रयोगशाळेत एकच छपाईयंत्र, ते जाळ्याने अनेक संगणकांस जोडलेले, आणि निराळ्या मजल्यावर ठेवलेले. कागद अडकला की बसल्या जागी कोणास कळत नसे; तासाभराने माणूस आपली पाने आणावयास जाई, तो यंत्र ठप्प. ज्या कोणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका प्रिंटरवर साठ मुलांच्या वह्या छापून घेतल्या असतील, त्यास हे दुःख निराळे सांगावयास नको. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमनने चार ओळी भर घालून उपाय केला होता: कागद अडकताच ज्यांची ज्यांची कामे खोळंबली असतील त्या सर्वांच्या पडद्यावर सूचना जाई, आणि कोणी तरी उठून कागद सोडवी. पुढे १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे लेसर छपाईयंत्र प्रयोगशाळेस भेट म्हणून मिळाले. यंत्र उत्तम, पण त्याचे मूळ लेखन कंपनीने दिले नाही. त्यामुळे ती सोपी दुरुस्ती आता करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थापाशी ते लेखन असल्याचे समजल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेला आणि त्याने प्रत मागितली. त्या गृहस्थाने नकार दिला. ते कोणास दाखविणार नाही, असे त्याने कंपनीस लिहून दिले होते.

यात कोणी चोर नव्हता आणि कोणी दुष्टही नव्हता. कंपनीने यंत्र फुकट दिले होते. त्या गृहस्थाने दिलेला शब्द पाळला होता. तरीही एका विद्यापीठातील अभ्यासकाने दुसऱ्या विद्यापीठातील अभ्यासकास विद्या नाकारली, आणि तीही एखाद्या गुप्त शस्त्राची नव्हे, तर अडकलेला कागद सोडविण्याची. स्टॉलमनच्या मनास हे लागून राहिले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ग्नू नावाची संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि पुढच्या जानेवारीत आपल्या कामावर संस्थेने हक्क सांगू नये म्हणून नोकरीचा राजीनामा दिला. १९८९ साली त्याने एक परवाना तयार केला. त्याची खुबी अशी की, मुक्त लेखनात भर घालून ते इतरांस देणाऱ्याने आपली भरही मुक्तच ठेवली पाहिजे. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा रचत असल्याचे कळविले, आणि १९९२ मध्ये तो याच परवान्याखाली मोकळा केला. तोच लिनक्स. २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे गरिबाचे काम भागविणारी वस्तू, हा समज ज्यांचा अजून असेल, त्यांनी तो सोडावा हे बरे.

वरील हकिकतीतील पात्रे प्रयोगशाळेतील वा विद्यापीठातील आहेत, हा योगायोग नव्हे. आज महाविद्यालये जी साधने मोठ्या किमतीस भाड्याने घेतात, त्यांतील कित्येकांचा जन्मच महाविद्यालयात झालेला आहे. गणिती कामासाठी अभियंते ज्याचा आवर्जून उपयोग करतात ते मॅटलॅब १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठातील प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले. सरकारी खर्चाने तयार झालेले गणिती संग्रह विद्यार्थ्यांस सुलभपणे वापरता यावे, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि प्रती ते मागेल त्यास देत. १९८४ मध्ये कंपनी निघाली आणि साधन विकाऊ झाले. संख्याशास्त्रातील एसपीएसएस हे साधन १९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मले. त्याची कंपनी झाली आणि २००९ मध्ये ती आयबीएमने विकत घेतली. या कंपन्यांनी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजचे मॅटलॅब हे मोलर यांच्या मूळ रचनेच्या शेकडो पट मोठे आहे, आणि ती वाढ पगारी अभियंत्यांनी केली आहे. परंतु विद्यालयाच्या विहिरीचे पाणी कुंपण घालून विद्यालयालाच विकले जावे, यात काही तरी विपरीत आहे, हेही तितकेच खरे.

आणि कुंपण न घालताही विहीर खोल करता येते, याचेही दाखले आहेत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी १९९३ मध्ये आर नावाची संख्याशास्त्रीय भाषा प्रसिद्ध केली आणि १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली ठेवली. आज औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत तिचा वापर होतो. फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेत सायलॅब तयार झाले. मॅटलॅबची पुष्कळशी कामे ते करते, आणि आज ते मुक्त परवान्याखाली मिळते. ग्रंथालयाचा कारभार पाहणारे कोहा हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील एका लहान भागाच्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये करवून घेतले आणि जगास देऊन टाकले. कोहा या माओरी शब्दाचा अर्थच देणगी असा आहे. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पुस्तकांची देवघेव आज याच देणगीवर चालते.

आपल्या प्रांताचा या कथेत काय भाग आहे, असे कोणी विचारील. तो बराच आहे, आणि कळंबोलीपासून फार दूरही नाही. १९८६ साली भारतातील शिक्षणसंस्थांस जोडणारे एर्नेट हे जाळे सुरू झाले. आरंभीच्या सहभागी संस्थांत पवईची आयआयटी होती आणि जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्थाही होती. ही जुहूची संस्था पुढे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि तिचे एक केंद्र आज खारघर स्थानकाजवळ आहे. कळंबोलीहून ते हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. याच संस्थेने इंडिक्स या नावाने लिनक्समध्ये देवनागरीसारख्या लिप्या मुळापासून बसविण्याचे काम केले. मूळ लेखन उघडे होते म्हणूनच मुंबईत बसून त्यात हात घालता आला. बंदिस्त प्रणालीत आपल्या लिपीस जागा हवी असेल तर मालकास तसे वाटेपर्यंत वाट पाहावी लागते.

मराठी लिहिणाऱ्यांनी या बाबतीत जे भोगले आहे ते इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही येणार नाही. युनिकोड या जागतिक संकेतावलीत देवनागरीस १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. तरी पुढे कितीतरी वर्षे आपल्या छापखान्यांत, कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत निरनिराळ्या विक्रेत्यांचे निरनिराळे फॉन्ट चालत राहिले. प्रत्येकाचा संकेत वेगळा. एका संगणकावर लिहिलेला प्रबंध दुसऱ्यावर उघडला, आणि तो विशिष्ट फॉन्ट तेथे नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. असे किती शोधनिबंध, किती गौरवग्रंथ, किती संस्थांचे अहवाल कपाटातील तबकड्यांवर आज मूक होऊन पडले असतील याची गणती नाही. कागदावर लिहिलेली मोडी वाचणारा अजून कोणी तरी भेटतो. ज्या सॉफ्टवेअरची विक्री थांबली, त्याची लिपी वाचणारा भेटत नाही. सुदैवाने आज युनिकोडमध्ये चालणारे, मुक्त परवान्याचे सुबक देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत, आणि मुंबईतील एक टाइप या मंडळींनी घडविलेला मुक्त हा फॉन्ट तर नावानेच आपला परिचय देतो.

परंतु या प्रांतातील सर्वांत मोठे काम पवईच्या आयआयटीत चालले आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या मदतीने तेथे फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. त्याचे काम काय, तर महाविद्यालयांनी बंदिस्त साधने सोडून मुक्त साधनांकडे यावे म्हणून नुसता उपदेश न करता वाट तयार करून देणे. ही वाट कशी बांधली, ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक घ्यावे, त्यातील सोडवून दाखविलेली सर्व उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून काढावी, जाणकारांनी ती तपासावी, विद्यार्थ्यास मानधन मिळावे आणि तयार झालेले साहित्य सर्वांस खुले व्हावे. अशा रीतीने शेकडो पुस्तकांच्या जोडवह्या तयार झाल्या आहेत. ज्या महाविद्यालयास आपली संपूर्ण प्रयोगशाळा बदलावयाची असेल, त्याच्या प्रात्यक्षिकांची यादी घेऊन ती एकेक करून मुक्त साधनात उतरवून देण्याचीही योजना आहे. विद्युत्‌मंडलांच्या आराखड्यासाठी ई-सिम हे साधन याच प्रकल्पाने घडविले. तेथेच प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात दहा दहा मिनिटांचे पाठ आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ चालवावा आणि उरलेल्या अर्ध्यावर तसे तसे करीत जावे. बोलणे मराठीत ऐकावयास मिळते, पडद्यावरील शब्द मात्र इंग्रजीच राहतात. कारण नोकरीत तेच शब्द भेटावयाचे आहेत. ही योजना ज्याने केली त्यास विद्यार्थ्याची अडचण खरोखर कळली होती, असे वाटते.

मुंबई विद्यापीठानेही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात सायलॅबचे पाठ घातले, आणि रायगड जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाखाली येत असल्यामुळे पनवेलच्या मुलांसही ते करावे लागले. मात्र अभ्यासक्रमात शब्द घालणे आणि वर्गात विद्या पोचणे यांत अंतर असते. एका सत्रात चार आज्ञा पाठ करून वही भरून दिली, की पुढच्या वर्षी पुन्हा बंदिस्त साधन, असेच चालू राहिले तर पहिल्या वर्षाचा उपयोग शून्य.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही नीट ऐकून घेतले पाहिजे. ते पोकळ नाही. पहिला आक्षेप नोकरीचा. वाणिज्य शाखेच्या मुलास पनवेलच्या कोणत्याही हिशेबनिसाच्या कचेरीत टॅली विचारतील. आराखडे काढणाऱ्यास ऑटोकॅड विचारतील. एमएस-सीआयटी हा २००१पासून महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचलेला वर्ग पुष्कळांनी विंडोजवरच केला आहे. त्यांचा हात त्याच खुणांवर बसला आहे. जो बाप कळंबोलीत ट्रकवर दिवसरात्र राबून मुलाची फी भरतो, त्यास तात्त्विक मोकळिकीची गोष्ट सांगावयास जाणाऱ्याने आधी त्याच्या घरचे गणित मांडून पाहावे. नोकरीस लागणारे साधन मुलास आलेच पाहिजे. ते महाविद्यालयाने शिकवू नये असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु एक साधन शिकविणे आणि त्या साधनावाचून दुसरे काहीच माहीत नाही अशी मुले तयार करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाराचे गणित ज्यास समजले, तो कोणत्याही आज्ञावलीत आठ दिवसांत रुळतो. ज्यास केवळ बटणांचे स्थान पाठ आहे, त्याचे ज्ञान पुढच्या आवृत्तीत ते बटण हलले की संपते.

दुसरा आक्षेप असा की, बंदिस्त साधनाच्या पाठीमागे कंपनी उभी असते. मुक्त साधन बिघडले तर जाब कोणास विचारावा? हाही अगदी खोटा नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त साधनात हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. तो दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणी पाहिला नव्हता. मूळ लेखन उघडे असले म्हणजे ते कोणी तरी वाचतेच, असे नाही. बदल अर्धवट केला तर तो अंगावर कसा येतो, याचे उदाहरण म्युनिक नगरपालिकेचे. तिने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचे ठरविले, दहा वर्षे खपून २०१३पर्यंत हजारो संगणक लिनक्सवर आणले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. याच्या उलट केरळ. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढील काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या, आणि त्या अजून तेथेच आहेत. दोहोंमध्ये फरक कोठे पडला? केरळने यंत्रांइतकाच, किंबहुना अधिक, भर शिक्षकांवर दिला. शिक्षकांस मोठ्या संख्येने शिकविले, पाठ्यपुस्तके त्या साधनांवरच लिहिली. प्रयोगशाळेतील साहाय्यकास एके दिवशी अचानक नवी प्रणाली देऊन ‘चालवा’ म्हटले, तर तो बिचारा महिन्याभरात जुनी पुन्हा बसवील, यात त्याचा काय दोष?

तिसरा आक्षेप सर्वांत मोहक आहे. कंपन्या विद्यार्थ्यांस आपले सॉफ्टवेअर फुकट किंवा नाममात्र दरात देतातच, मग तक्रार कसली? येथे तो फुकट आणि मुक्त यांचा भेद पुन्हा आठवावा. शैक्षणिक परवान्यावर मिळालेले साधन व्यावसायिक कामास चालत नाही, अशी अट बहुधा असतेच. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला, एखाद्या लहानशा कारखान्यात लागला, की त्याच्या हाताची सवय तेवढी त्याच्याबरोबर येते. साधन येत नाही. देणगी देणाऱ्याची मर्जी फिरली तर काय होते, हे विद्यापीठांनी नुकतेच अनुभवले आहे. गुगलने शिक्षणसंस्थांस अमर्याद साठवण विनामूल्य दिली होती. जगभर संस्थांनी आपला पत्रव्यवहार, निबंध, चित्रफिती तिच्या स्वाधीन केल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की, आता विनामूल्य मिळेल ते संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइट. जुलै २०२२पासून हा नियम जुन्या संस्थांसही लागू होऊ लागला, आणि मोठमोठी विद्यापीठे आपल्याच कागदपत्रांची छाटणी करीत बसली. कंपनीने करार मोडला नाही. दान दिले होते, ते आवरते घेतले एवढेच.

एक चौथा मार्गही आहे, ज्याचा उच्चार सभेत होत नाही, पण अवलंब पुष्कळ ठिकाणी होतो: चोरीची प्रत. पाचपन्नास रुपयांच्या तबकडीवरून, आणि आता तबकडीवाचूनही, महागडे साधन घरोघरी बसविले जाते. १९५७च्या लेखाधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ६३-ख घालण्यात आले. जाणूनबुजून असे सॉफ्टवेअर वापरणारास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. शिक्षा होते किती जणांस, हा प्रश्न सोडून देऊ. पण ज्या इमारतीत उत्तरपत्रिकेतील नक्कल पकडण्यासाठी भरारी पथक फिरते, त्याच इमारतीच्या संगणकावर गुरुजींनीच चोरीची प्रत बसवून द्यावी, याहून मोठा विसंवाद कोणता? मुक्त सॉफ्टवेअरची प्रत शेजाऱ्यास देणे हा तेथे गुन्हा ठरत नाही. परवान्यानेच ते काम मान्य केलेले असते.

हा सर्व ऊहापोह आजच करण्याचे कारण असे की, प्रश्न प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीची नियमित देखभाल थांबविली. नव्या आवृत्तीस यंत्रात सुरक्षेची विशिष्ट चकती आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. महाविद्यालयांतील सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र चालते आहे, पडदा स्वच्छ आहे, कळफलकावरील अक्षरे तेवढी झिजली आहेत. तरी ते निकामी ठरविले जाते. शिक्षणसंस्थांस अल्प शुल्क भरून तीन वर्षांपर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची सवलत आहे, पण ती मुदतही संपणारच. तोपर्यंत व्यवस्थापनापुढे दोन वाटा आहेत: साठ नवीन संगणकांची निविदा काढणे, किंवा त्याच साठांवर लिनक्स बसविणे आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग शिक्षकांच्या व साहाय्यकांच्या प्रशिक्षणावर खर्च करणे. एकदम सर्व प्रयोगशाळा बदलण्याचे धाडस कोणी करू नये. एक प्रयोगशाळा घ्यावी, एक विषय घ्यावा, त्या विषयाचा जो अध्यापक मनाने तयार असेल त्याच्या हाती ती सोपवावी, आणि टॅली वा ऑटोकॅड ज्यांस लागते त्यांच्यासाठी दहा यंत्रे जुन्या रीतीने ठेवावी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळच आहे. असे मंडळ असले म्हणजे साहाय्यकाचे निम्मे ओझे मुलेच उचलतात, आणि आवडीने उचलतात.

आता पुन्हा कळंबोलीच्या लोखंडाकडे यावयास हरकत नाही. पवईच्या त्याच प्रकल्पात ओसडॅग नावाचे एक साधन घडले आहे. पोलादी बांधकामाच्या सांध्यांची व अवयवांची रचना भारतीय मानक आयएस ८००च्या २००७च्या नियमांप्रमाणे ते करून देते. कोणता गर्डर, किती बोल्ट, पट्टीची जाडी किती, याचे गणित मांडते, सांध्याची आकृती उभी करते आणि केलेल्या हिशेबाचा अहवाल छापून देते. ते परदेशी कंपनीने भारतासाठी जुळवून घेतलेले नाही. आपल्याच मानकावर, आपल्याच प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी रचलेले आहे, आणि त्याचे मूळ लेखन कोणासही वाचता येते. एखाद्या मुलाने ते कामोठ्यास वा नव्या पनवेलीस प्रयोगशाळेत शिकून घेतले, तर संध्याकाळी घरी येऊन आपल्या जुन्या संगणकावरही तो ते बसवू शकतो. पुढे बाजारालगतच्या एखाद्या शेडबांधणीच्या कचेरीत तो कामास लागला, तर पहिल्याच दिवशी ते मालकाच्या यंत्रावर बसवून, समोरच्या वखारीत पडलेल्या गर्डरचे माप घालून सांध्यास किती बोल्ट लागतील ते काढू शकतो. त्यासाठी त्यास कोणाकडून परवाना आणावा लागत नाही.